मेलबर्नच्या बोळांत : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी मेलबर्नच्या होझिअर लेनबद्दल, म्हणजे भिंतीवरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या बोळाबद्दल, चार ओळी लिहिल्या आणि तुमची इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी सांगते : मी गिरगावातली. 2001 पासून मेलबर्नला आहे. त्यातली सोळा वर्षं फ्लिंडर्स लेनमधल्या एका कचेरीत हिशेब लिहिण्यात गेली, त्यामुळे हे बोळ मला जेवणाच्या सुट्टीतून पाठ झाले. आता ओळखीपाळखीच्या कुणाचे आईवडील देशातून आले की शनिवारी मी त्यांना बोळ दाखवायला नेते.

प्रश्न : मुलगी मेलबर्नला असते. एप्रिलमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच जातोय. ती म्हणते, ‘बाबा, इथले बोळ पाहायला एक अख्खा दिवस ठेवा.’ आमचं आयुष्य जुन्या नाशकाच्या बोळांत गेलं. तिथे जाऊन पुन्हा बोळच काय पाहायचे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, तुमच्या नाशकात घरं आधी झाली आणि त्यांच्यामधून वाट उरली, तो बोळ झाला. मेलबर्नचे बोळ आधी कागदावर आखले गेले. 1837 मध्ये रॉबर्ट हॉडल या सर्व्हेअरने यारा नदीच्या काठी रस्त्यांची चौकट आखली. मोठे रस्ते 99 फूट रुंद. गव्हर्नर बर्क यांचा आग्रह होता की घरांच्या मागच्या बाजूला गाड्या-घोड्यांसाठी वेगळी वाट हवी. म्हणून दोन मोठ्या रस्त्यांच्या मध्ये 33 फुटांचा एकेक धाकटा रस्ता आला. लिटल कॉलिन्स, लिटल बर्क, लिटल लॉन्सडेल ही नावं तिथली. फ्लिंडर्स लेनही त्यांच्यातलीच. मग 1851 नंतर सोन्याच्या शोधात माणसांची रीघ लागली, जमिनीला भाव चढला, मालकांनी आपापले प्लॉट चिरले, आणि आतल्या तुकड्यांपर्यंत पोचायला आणखी अरुंद वाटा पाडल्या. हे खरे लेनवे.

त्या वाटांनी काय जायचं, ते सांगितल्याशिवाय मी पाहुण्यांना एक पाऊल पुढे नेत नाही. मैला जायचा. सोन्यामुळे श्रीमंत झालेल्या या शहराला 1880 च्या दशकात गटारं नव्हती. रात्री माणसं मागच्या दाराने डबे उचलून गाडीत ओतत. लोक शहराला ‘स्मेलबर्न’ म्हणायला लागले होते. 1891 मध्ये पाणी आणि सांडपाण्याचं मंडळ स्थापन झालं आणि 1897 मध्ये पहिली घरं गटाराला जोडली गेली.

माझ्या चाळीमागे हाऊस गल्ली होती. मुंबईकरांना हा शब्द समजावून सांगायला नको. दोन इमारतींमधली ती हातभर रुंदीची ओली फट, पाइपांची, उंदरांची. तिथे चेंडू गेला तर गेला; आई आत पाऊल टाकू द्यायची नाही. आत उतरायचा तो फक्त सफाई करणारा माणूस, आणि त्याच्याकडे आम्ही कुणी नीट पाहिल्याचं मला आठवत नाही. मेलबर्नच्या बोळात मी पहिल्यांदा शिरले तेव्हा मला ती हाऊस गल्लीच आठवली. तसाच मधोमध उतरता पन्हळ, तशाच मागच्या खिडक्या, भिंतीवरून उतरलेले पाइप. फरक एवढाच की पन्हळीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या क्रेट उलट्या टाकून माणसं कॉफी पीत बसली होती. मी त्या दिवशी कचेरीत पंधरा मिनिटं उशिरा पोचले.

पायाखाली बघा. तो काळसर घडीव दगड म्हणजे ब्लूस्टोन, म्हणजे बेसाल्ट. आपला सह्याद्री ज्या जातीच्या दगडाचा, तोच. काळारामाच्या देवळाचा काळा दगड पाहात तुम्ही मोठे झालात, तेव्हा हा दगड तुम्हाला परका वाटायचा नाही.

आता वाट. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या घड्याळांखाली उभे राहा. सगळं शहर भेटायला तिथेच येतं. रस्ता ओलांडून डिग्रेव्ज स्ट्रीटमध्ये शिरा. पुढे फ्लिंडर्स लेन ओलांडली की समोर सेंटर प्लेस. ही सगळ्यात अरुंद आणि मला सगळ्यात प्रिय. दोन माणसं बसली की तिसऱ्याला अंग चोरून जावं लागतं. तिथून वर कॉलिन्स स्ट्रीटला निघा, समोर ब्लॉक आर्केड. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीची ही इमारत, जमिनीवर मोझेइक, वर काचेचं छत. मागच्या दाराने ब्लॉक प्लेस, मग लिटल कॉलिन्स ओलांडून रॉयल आर्केड. ही 1870 ची, इथली सगळ्यात जुनी. तिथे दाराशी गॉग आणि मॅगॉग हे दोन लाकडी राक्षस 1892 पासून उभे आहेत आणि तासाचे टोले देतात. तासाला पाच मिनिटं कमी असताना पोचा. काकूंना बसायला बाकडी नाहीत, हे आधीच सांगते. हा सगळा रस्ता मिळून अर्धा मैलही नाही, पण त्याला दोन तास द्या.

आणि एक विनंती. एकदा तरी कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला या. त्या वेळी बोळ पुन्हा मागचं दार असतो : ब्रेडच्या ट्रे, बिअरची पिंपं, कचऱ्याच्या गाड्या, दगडावर पाण्याचा फवारा मारणारा माणूस. मला हीच वेळ सगळ्यात आवडते. एप्रिलमध्ये तिथे पानगळ असते, सकाळी गार वारा सुटतो. स्वेटर हातात ठेवा.

प्रश्न : मी चित्रकला शिकते आहे. होझिअर लेनमधली चित्रं म्हणे आठवड्यात बदलतात. मग चांगलं चित्र जपत का नाहीत? आणि तिथे कुणीही जाऊन रंगवलं तर चालतं का?
— एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : होझिअर लेन फेडरेशन स्क्वेअरच्या अगदी समोर आहे आणि तिला रटलेज लेनचा फाटा आहे. दिवसभर गर्दी. मी 2001 मध्ये पाहिली तेव्हा तिथे फोटो काढायला येणारं कुणी नव्हतं. स्टेन्सिल करणारी काही मुलं असत, पुठ्ठा कापून आणायची, भिंतीला धरायची आणि फवारा मारून निघून जायची. 2006 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा होत्या. त्याआधी शहर स्वच्छ दिसावं म्हणून पालिकेने कितीतरी भिंती धुऊन टाकल्या. त्यानंतरच्या वर्षांत धोरण वळलं : काही बोळांत मालकाच्या परवानगीने चित्रं राहू द्यायची. बर्क स्ट्रीट मॉलजवळची युनियन लेन तर तरुण मुलांना शिकवण्यासाठीच रंगवायला दिली गेली. म्हणजे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की भिंतीच्या मालकाची परवानगी हवीच. तिच्याशिवाय रंगवणं हा गुन्हा आहे. व्हिक्टोरिया राज्यात ग्राफिटीसाठी 2007 चा स्वतंत्र कायदा आहे. दुसरे रंगवताहेत म्हणून आपणही डबा उचलू नकोस. चौकशी कर, इथले कलाकार बोलायला मोकळे असतात. भिंतीपाशी काम चालू असलं तर थांब, शिडी खाली येऊ दे, मग विचार.

जपण्याबद्दल तुला एक जुनी गोष्ट सांगते. बँक्सी या, नाव लपवून भिंती रंगवणाऱ्या ब्रिटिश कलाकाराने मेलबर्नमध्ये काही स्टेन्सिल केली होती. कॉकर अॅलीमध्ये त्याचा एक छोटा पाणबुड्या होता, जुना डोक्यावरचा गोल टोप घातलेला. त्यावर पारदर्शक पत्रा बसवला होता, जपायला. 2008 च्या डिसेंबरमध्ये कुणीतरी त्या पत्र्याच्या मागून चंदेरी रंग ओतला आणि चित्र संपलं. 2010 मध्ये होझिअर लेनमधला त्याचा पॅराशूटला लटकलेला उंदीर पालिकेच्याच सफाई कामगारांनी रंगवून टाकला. त्यांना बोळ साफ करायला सांगितलं होतं, त्यांनी केला. त्यांना दोष द्यावासा मला तेव्हाही वाटला नाही. 2013 मध्ये अॅड्रियन डॉयल या कलाकाराने रटलेज लेन आख्खी निळी रंगवली, भिंती, जमीन, सगळं. काही तासांतच त्यावर नवी चित्रं चढायला लागली. आणि 2020 च्या फेब्रुवारीत तोंडं झाकलेली माणसं आगविझवणीच्या नळकांड्यांत रंग भरून आली आणि होझिअर लेनवर फवारे मारून गेली. मी दोन दिवसांनी गेले. दगडांच्या फटींत रंग साकळला होता आणि तीन मुली शिड्या लावून वरून पुन्हा सुरुवात करत होत्या.

तू विचारतेस जपत का नाहीत. भिंत मोजकी आहे आणि हात पुष्कळ आहेत. दिवाळीत अंगणातली रांगोळी पुसली की आपण ती पुन्हा काढतो, त्या रांगोळीला कुणी काच लावत नाही. तरी काही चित्रं टिकतात, आणि का टिकतात ते चित्रकाराने बघण्यासारखं आहे. अॅडनेट या कलाकाराने होझिअर लेनमध्ये एका मूलनिवासी मुलाचा काही मजले उंच चेहरा रंगवला. खालचं सगळं शेकडो वेळा बदललं, पण तो चेहरा कितीतरी वर्षं तसाच राहिला, कारण तिथे हात पोचत नाही आणि, मला वाटतं, त्या नजरेला झाकायला कुणाचं मन होत नाही. हे शहर ज्या वुरुंजेरी या मूलनिवासी लोकांच्या जमिनीवर आखलं गेलं, त्यांची आठवण त्या चौकटीत फारशी कुठे दिसत नाही. तिथे तो मुलगा वरून बघतो.

खरोखर जपलेलं चित्र पाहायचं तर ट्रामने कॉलिंगवूडला जा. तिथल्या जुन्या टेक्निकल स्कूलच्या भिंतीवर कीथ हॅरिंग या अमेरिकन चित्रकाराने 1984 मध्ये रंगवलेलं म्युरल आहे. 2013 मध्ये त्याचं जतनकाम झालं. तिथे उभं राहून मग होझिअर लेन आठव. मला विचारशील तर दोन्ही हवेत, पण माझा जीव बोळातल्यावर जास्त आहे.

तिथे बेघर माणसंही दिसतील. त्यांना मोफत औषधपाणी मिळण्याची एक जागा त्याच बोळात आहे. भिंतीचा फोटो काढताना त्यांचे चेहरे येऊ देऊ नकोस. स्केचबुक घेऊन बसलीस तर उत्तम.

प्रश्न : भिंती खराब करण्याचं इतकं कौतुक कशाला? आमच्या इमारतीवर कुणी रात्रीत नाव खरडलं, ते काढायला सोसायटीचे पैसे गेले.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. फ्लिंडर्स लेनमधल्या एका शिंप्याच्या शटरवर दर पंधरवड्याला कुणी आपली सही मारून जायचा आणि साठी उलटलेला तो माणूस सोमवारी सकाळी ब्रश घेऊन घासत बसायचा. त्या सहीचं कौतुक मी कधी केलं नाही आणि करणारही नाही. त्याला विचारून, दोन दिवस खपून शटर रंगवून देणाऱ्या मुलीचं केलं.

प्रश्न : सासूबाई, मी आणि मुलगा जाणार आहोत. आम्ही तिघं शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बोळांत आम्हाला खायला काय मिळेल? कॉफी मात्र आम्हा तिघांना लागते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कॉफीपासून सुरू करते, कारण तिथे तुमच्यासाठी एक खास जागा आहे. लिटल बर्क स्ट्रीटवर ‘ब्रदर बाबा बुदान’ नावाचं एक चिंचोळं दुकान आहे. छताला लाकडी खुर्च्या उलट्यासुलट्या टांगल्यात, इतक्या की वर बघितलं की छत दिसत नाही. बसायला खाली मोजक्याच. बाबा बुदान कोण, ते कोल्हापूरकरांना सांगणं सोपं आहे. तुमच्याकडचे कितीतरी जण चिकमगळूरला फिरायला जातात. तिथला बाबा बुदनगिरी डोंगर त्यांच्याच नावाचा. सतराव्या शतकातले हे सूफी संत हजहून येताना येमेनच्या मोखाहून कॉफीचे सात दाणे लपवून घेऊन आले आणि त्या डोंगरावर पेरले, अशी कथा आहे. दाणे बाहेर न्यायला तेव्हा बंदी होती. ज्या मंडळींचं हे दुकान, त्यांच्या दुसऱ्या कॉफीघराचं नाव ‘सेव्हन सीड्स’, सात दाणे. मी पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा कचेरीतल्या दहा जणांना ही गोष्ट सांगितली. सासूबाईंना खुर्ची मिळाली तर बसवा आणि हे सगळं तिथेच सांगा.

कॉफी मागताना : दूध घातलेली हवी तर फ्लॅट व्हाइट. काळी हवी तर लाँग ब्लॅक. थोडी कडक, कमी दुधाची हवी तर ‘मॅजिक’ म्हणा. हा शब्द मेलबर्नचाच, बाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. साखर वेगळी देतात. आपल्या जिभेला ही कॉफी कोमट वाटेल, ‘एक्स्ट्रा हॉट’ सांगायला लाजू नका.

ही कॉफी इथे आणली ती दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन लोकांनी. बर्क स्ट्रीटच्या वरच्या टोकाला, क्रॉसली स्ट्रीट या बोळाच्या तोंडाशी पेलेग्रिनीज हे 1954 चं दुकान अजून आहे. लाल पट्ट्याची पाटी, काउंटरला लागून उंच स्टुलं. टोमॅटोच्या रश्शातला पास्ता तिथे मागता येईल, पण पास्त्यात अंडं आहे का आणि रश्शात मांसाचा अंश आहे का, हे विचारा.

विचारण्याबद्दलच जरा सविस्तर सांगते, कारण फसगत होते ती इथेच. ‘व्हेजिटेरियन’ एवढं म्हणून भागत नाही. इथल्या व्हेजिटेरियनमध्ये अंडं चालतं. ‘व्हीगन’ म्हणा आणि वर ‘दूध चालेल’ असं जोडा, म्हणजे अंड्याचा प्रश्न मिटतो. लिटल बर्क स्ट्रीटचं चायनाटाउन सोन्याच्या काळापासून, म्हणजे 1850 च्या दशकापासून तिथेच आहे. तिथल्या बोळांतले डंपलिंग म्हणजे आपल्या मोदकांचे चुलतभाऊ. भाजीचं सारण असलेले मिळतात. पण त्यात ऑयस्टर सॉस नाही ना, आणि तळणीचं तेल वेगळं आहे ना, हे दोन प्रश्न तोंडपाठ करून जा. सूपचं पाणी बहुतेक ठिकाणी कोंबडी उकळून केलेलं असतं, सूप सोडून द्या. स्वॉन्स्टन स्ट्रीटवर जिना चढून गेलं की हरेकृष्ण मंडळींचं क्रॉसवेज आहे, दुपारचं साधं शाकाहारी जेवण. सासूबाईंचा जीव निर्धास्त होईल अशी जागा.

वेळ सांभाळा. बोळांतले बहुतेक कॅफे दुपारी तीन-चारला आवरायला घेतात. एकदा मी सहा पाहुण्यांना रविवारी चार वाजता घेऊन गेले. खुर्च्या टेबलांवर चढलेल्या, फरशी पुसणं चालू. शेवटी स्टेशनवर बिस्किटं खाल्ली. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बिलावर थोडे टक्के जास्त लावतात, पाटी लावलेली असते. टिप दिलीच पाहिजे असं मात्र नाही.

बोळ नव्हे, पण मुलासाठी : क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमध्ये 1950 पासून एक गाडी गरम जॅम डोनट तळते आहे. घटक विचारून मगच घ्या, रांग लांब असते तेवढ्यात विचारून होतं. मार्केट सोमवारी आणि बुधवारी बंद.

प्रश्न : मी 34 वर्षांची. कंपनीच्या कामाने दोन आठवडे मेलबर्नला एकटी जाते आहे. तिथले बोळांतले बार बघायची फार इच्छा आहे. दारू मी क्वचित घेते. अंधाऱ्या बोळात, पाटी नसलेल्या दारातून एकटीने आत जायचं म्हणजे आईचा नुसता विचारानेच जीव वरखाली होतोय. जाऊ का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जा. आईंना हे उत्तर वाचायला दे.

हे बार असे लपलेले का आहेत, ते आधी समजून घे. 1916 पासून 1966 पर्यंत व्हिक्टोरियात दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद होत. पाचला सुटलेले पुरुष तासाभरात जितकी पोटात जाईल तितकी ढोसायचे. आतल्या भिंतींना टाइल असायच्या, नंतर पाणी मारून धुता याव्यात म्हणून. बाईने तिथे उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता. वेळ वाढली तरी परवाना मिळणं अवघड आणि महाग राहिलं, त्यामुळे मोठी हॉटेलंच तग धरत. 1986 मध्ये जॉन न्यूवेनहायझन या अर्थतज्ज्ञांनी सरकारला अहवाल दिला की हे नियम सैल करा. त्यानंतर कायदा बदलत गेला आणि जेवणाशिवाय एक पेला वाइन देणारी छोटी जागा चालवणं शक्य झालं. नव्वदीत शहराचा मध्यभाग मंदीने ओस पडला होता, मागच्या बोळांतली जुनी गोदामं स्वस्त भाड्याने मिळत होती. 1994 मध्ये मायर्स प्लेस या बोळात काही तरुण आर्किटेक्टांनी त्याच नावाचा एक छोटा बार काढला. लेनवे बार म्हटलं की जाणकार पहिलं नाव त्याचं घेतात. पाटीला पैसे नव्हते किंवा पाटी नकोच होती, काही असो, ती रीत पडली. बायका एकट्या किंवा दोघी येऊन बसू शकतील अशी जागा या शहराला त्या छोट्या दारांमुळे मिळाली, असं माझं मत आहे. मी स्वतः वयाच्या तिशीत पहिल्यांदा एकटी बारमध्ये बसले ती अशाच एका माडीवर. लिंबू-सोडा घेतला, पुस्तक वाचलं, कुणी काही विचारलं नाही.

आता कामाचं. पासपोर्ट जवळ ठेव, दारावरचा माणूस वय विचारू शकतो. ऑर्डर काउंटरवर द्यायची, पैसे तिथेच. दारू नको असेल तर ‘लेमन लाइम अँड बिटर्स’ हे पेय लोक बिनदारूचं म्हणून सुचवतील. त्यातल्या बिटर्समध्ये, म्हणजे कडू अर्कात, थेंबभर मद्य असतं, अजिबात नको असेल तर ‘नो बिटर्स’ म्हण. पेला नजरेआड करू नकोस. पहिल्या दिवशी संध्याकाळी सहा-साडेसहाला जा, तेव्हा कचेऱ्या सुटलेल्या असतात, बोळ माणसांनी भरलेले असतात. मध्यरात्रीनंतर किंग स्ट्रीटच्या बाजूला एकटी जाऊ नकोस. शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर ट्रेन चालतात. मध्य शहरात ट्राम 2015 पासून फुकट आहे, तिकीटही लागत नाही. दोन बोळ अंतर असलं तरी रात्री ट्राम घे.

कुठे जायचं? टॅटरसॉल्स लेनमध्ये ‘सेक्शन एट’ हा मालवाहू कंटेनरमध्ये थाटलेला बार आहे, उघड्यावर, लाकडी पॅलेटवर बसायचं. मोकळी जागा, एकट्या बाईला सोयीची. पण मला तुला खरं पाठवायचंय ते कॅसल्डन प्लेसला. काचेच्या उंच इमारतींच्या मध्ये 1877 चं एक बुटकं विटांचं घर उरलं आहे, 17 क्रमांकाचं. हा भाग लिटल लॉन, शहराची एकेकाळची बदनाम वस्ती. मोलमजुरी करणारी, चिनी, सीरियन, आयरिश कुटुंबं आणि कुंटणखाने एकमेकांना लागून. लॉन्सडेल स्ट्रीटवर मादाम ब्रुसेल्स नावाची बाई श्रीमंतांसाठी घरं चालवायची. आता एका बोळाला तिचं नाव आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून इथे उत्खनन झालं, तेव्हा लहान मुलांची खेळणी, बशा, औषधाच्या बाटल्या निघाल्या. ज्यांना वर्तमानपत्रांनी नुसती घाण म्हटलं, ती माणसं फुलांच्या नक्षीच्या बशीत जेवत होती. त्या वस्तू मेलबर्न म्युझियममध्ये बघता येतात. त्या 17 नंबरच्या घरात आता जिन गाळतात आणि पाजतात. तू म्युझियम सकाळी कर, घर संध्याकाळी. जिन घेतली नाहीस तरी त्या खोलीची उंची बघ, हात वर केला की छताला लागतो असं वाटतं. त्या खोलीत किती जण झोपत असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : मी टार्नीटला राहते, दहा वर्षं झाली. हे म्हणतात, ‘शहरात काय, नुसती घाण आणि पार्किंगचा खर्च.’ आता आई आली आहे, काठी घेऊन चालते. तिला नेऊ शकते का?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : ने गं. गाडी घरी ठेव, ट्रेनने ये. ब्लूस्टोनवर काठी अडते आणि पावसात दगड निसरडा होतो, तेव्हा ओल्या दिवशी नको. ब्लॉक आर्केड आणि रॉयल आर्केड सपाट आहेत, आतून जा. होझिअर लेनला उतार आहे. फ्लिंडर्स लेनच्या बाजूने वरून शिरलीस तर आईला खाली उतरायचं असेल, चढायचं नाही, पण काठीने उतरणंच कठीण वाटत असेल तर खालून ये आणि तोंडाशीच थांब, तिथून पुष्कळ दिसतं. गिल्डफर्ड लेनही दाखव. तिथले रहिवासी दारात कुंड्या लावतात, वेली चढवतात. पालिकेने 2017 च्या सुमारास बोळ हिरवे करायला घेतले त्या चारांपैकी ती एक. माझ्या एका पाहुण्या आजींनी तिथे पाच मिनिटं उभं राहून ‘तुळस नाही कुणाकडे?’ एवढंच विचारलं होतं.

प्रश्न : सिडनीला जाताना मेलबर्नला उतरतोय. शहरात जेमतेम एक तास मिळेल. एकच बोळ सांगा.
— एक वाचक, पणजी

उत्तर : प्रेसग्रेव्ह प्लेस. लिटल कॉलिन्स स्ट्रीटवरून आत शिरायचं, हॉवी प्लेसच्या जवळ. पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटेल, कारण समोर कचऱ्याचे डबे दिसतात. आणखी दहा पावलं जा. भिंतीवर सोनेरी चौकटी चिकटवलेल्या दिसतील, घरात आजोबांच्या फोटोला असतात तशा, आणि त्यांच्यात बोटभर, वीतभर चित्रं. काही चौकटी रिकाम्या असतात. कुणी काढून नेतं, कुणी नवं लावतं. कोपऱ्यात एक इवलासा बार आहे, उभ्याउभ्याच प्यायचा. दुपारी गेलात तर बंद असेल, भिंत मात्र तुमचीच. वरून उजेड फक्त बाराच्या सुमारास उतरतो, तेव्हा जमलं तर तीच वेळ धरा.